भोक असलेल्या काचेच्या वाडग्यासाठी इचिकावा ते ओसाका

जपानला जाणारे लोक साकुरा बघायला जातात, फुजी बघायला जातात, क्योतोची देवळं बघायला जातात. मी टोकियोजवळच्या इचिकावाहून ओसाकाला गेले ती एक काच आणायला. मार्चमध्ये, परतीचं सामान बांधायचं अर्धवट टाकून, एकटी. तरीही सांगते, तीन वर्षांत जपानमध्ये जेवढं हिंडले त्यात ही ट्रिप एक नंबर. तुम्हाला नागोया-ओसाका करायचं असेल तर मार्ग, खाणं, खर्च सगळं खाली आहेच. पण आधी काचेचं सांगायला हवं, नाहीतर मी तिकडे का धावले ते कळणार नाही.

सुहासचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, सॉफ्टवेअरचं कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं होतं. त्या काळात पुण्या-मुंबईहून इतके इंजिनियर इचिकावात उतरत होते की स्टेशनवर मराठीत कोणाला नावं ठेवायचीही चोरी झाली होती. घर मिळणं मात्र अवघड. दोन एजंटांनी "मसाल्याचा वास भिंतींना लागतो" म्हणून आम्हाला वाटेला लावलं. शेवटी मोरिता-साननी घर दिलं. सत्तरीच्या बाई, शाळेत शिवण आणि गृहशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, तळमजल्यावर एकट्या राहायच्या. वासाचं विचारलं तर म्हणाल्या, "खिडक्या आहेत की."

वरच्या मजल्यावरच्या त्या घरात जेवणाच्या टेबलावर एक दिवा टांगलेला होता. एकाखाली एक अशा तीन पांढऱ्या काचा, वरची मोठी, मधली त्याहून लहान, खालची इवलीशी. मोरिता-साननी नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून तो घेतला होता. "माझ्या खोलीत तो बसत नाही. तुम्ही वापरा," एवढंच म्हणाल्या. आम्ही काय केलं? पहिल्याच आठवड्यात सुहासचं डोकं त्याला दोनदा लागलं, शिवाय उजेड फक्त खालच्या एवढ्याशा जागेत. मला घर कसं लख्ख लागतं. दिवा उतरवला, काचा सुट्या करून पुण्याहून आलेल्या फराळाच्या डब्यांभोवतीच्या मराठी वर्तमानपत्रांत गुंडाळल्या, कपाटात ठेवल्या, आणि छताला गोल ट्यूबलाइट लावली. तीन वर्षं तिच्याच उजेडात जेवलो.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट. कचरा वेगळा करण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हता. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या धुऊन, झाकणं काढून. चुकीच्या पिशवीवर तिथे स्टिकर लावून ती तशीच ठेवून देतात, सगळ्या आळीने बघावी म्हणून. माझ्या पिशवीला तीन वर्षांत एकदाही स्टिकर लागला नाही. नव्याने आलेल्या मराठी बायकांना मी यावर लेक्चर द्यायचे, आणि त्या वहीत लिहून घ्यायच्या!

घर सोडायच्या आठवड्यात मी कपाट काढलं. एका पुडक्यात जाड पांढऱ्या काचेचं वाडगं निघालं. बुडाला भोक. मी म्हटलं, भोक असलेलं वाडगं कोण जपून ठेवतं? तरी टाकण्यापूर्वी आपली सवय, उपयोग होतो का बघावा म्हणून मोठ्या पातेल्यावर उपडं घालून पाहिलं. झाकण म्हणून अगदी काठोकाठ बसलं, पण भोकातून वाफ जाणार. मग नियमाप्रमाणे पुन्हा त्याच कागदात गुंडाळलं, वर लाल मार्करने जपानीत 'किकेन', म्हणजे धोका, असं लिहिलं, काच असली की लिहावंच लागतं, आणि मंगळवारी सकाळी खाली नेऊन ठेवलं. वर येताना स्वतःवर बेहद्द खूश होते मी.

दुपारी दिवा परत लावायला म्हणून त्याची पेटी उघडली. आत दोनच काचा; तिसरी, मोठी, तेव्हा पेटीत मावली नव्हती.

 पायात एक चप्पल माझी, एक सुहासची, अशी खाली पळाले. कचऱ्याची जागा झाडून स्वच्छ, कावळ्यांपासून कचरा झाकायची जाळी घडी घालून ठेवलेली.

नुसती दिव्याची गोष्ट असती तर भरपाई दिली असती. पण आमच्यानंतर ते घर सुहासच्या ऑफिसातल्या पाटसकरांना मिळणार होतं. नवरा-बायको आणि सहा महिन्यांचं बाळ. मी शब्द टाकला म्हणून मोरिता-सान तयार झाल्या होत्या. "तुमच्यासारखेच असतील तर चालेल," असं म्हणाल्या होत्या. शनिवारी सकाळी त्या घर ताब्यात घ्यायला येणार, आणि त्यांना दिसणार की तुमच्यासारखे म्हणजे कसे!

सुहासने इंटरनेटवर शोध शोध शोधलं. टोकियोच्या दुकानात ती काच सुटी मागवायला दोन-तीन महिने. ओसाकात मात्र जुन्या दिव्यांचं एक दुकान सापडलं. फोनवर आजोबा होते. म्हणाले, वरची काच दोन मापांत येते, खालच्या दोन त्याच राहतात. तुमचं माप कोणतं? आणि काच मी कुरियरने पाठवत नाही, न्यायची तर स्वतः या.

मापाचं मला सुचलं ते ऐका. पातेलं! पातेल्याच्या काठाभोवती दोरा फिरवून कापून घेतला. पाकिटात दोरा, पिशवीत उरलेल्या दोन काचा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि गुरुवारी सकाळी निघाले. सुहासला रजा मिळणं शक्यच नव्हतं, सगळा हँडओव्हर त्याच्या डोक्यावर होता.

गुरुवार, इचिकावा ते नागोया

इचिकावाहून टोकियो स्टेशन वीसेक मिनिटं. तिथून नागोयाला शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दोन तासांच्या आत, तिकीट साधारण दहा हजार येन. महाग आहे, पण वेळ नसेल तर पर्याय नाही. जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. मला फुजी स्वच्छ दिसला, पायथ्यापासून टोकापर्यंत, एक ढग नाही. शेजारच्या आजी आपणहून सरकून म्हणाल्या, "बघा, बघा." मी बघितला, पण मन ठिकाणावर कुठे होतं? मी मनात मोरिता-सानना सांगायची गोष्ट रचत होते. भूकंप! तीन वर्षांत इतके धक्के बसले, त्यातल्या एकावर ढकलायचं. भूकंपात काच पडली, आम्ही घाबरून गेलो, तशीच नवी आणून बसवली. किंवा काच हुबेहूब मिळाली तर काही बोलायचंच कशाला? सेम टु सेम, विषय संपला. माझं मलाच कौतुक वाटलं.

नागोयाला माझी मावसबहीण मेधा. तिचा नवरा मोटारींच्या कारखान्यात पोस्टिंगवर. ती गाडी घेऊन आली होती, नागोयात सगळे गाडीतूनच फिरतात. तिची आठ वर्षांची ईरा मागच्या सीटवरून मराठी प्रश्नांना जपानीत उत्तरं देत होती. मेधाने फोनवर सांगितलंच होतं की तिच्या नेहमीच्या कॉफीच्या दुकानात अस्साच दिवा आहे. माप पक्कं करायला तिथे जायचं होतं.

नागोयाची 'मॉर्निंग' चुकवू नका. सकाळी अकराच्या आत एक कॉफी मागवली की जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं फुकट. शाकाहारी असाल तर अंड्याऐवजी टोस्टवर लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड सारण मागा. लोण्यावर ते पसरलेलं बघून मी म्हटलं, "मेधा, हे पुरण आहे गं!" ती म्हणाली, "तूप नाही मिळणार, गप खा." चारशे येनमध्ये पोट भरतं.

आणि टेबलाच्या वर तो दिवा. तिन्ही काचा लावलेला, पेटलेला. तीन वर्षं माझ्या कपाटात होता आणि मी तो पहिल्यांदा नीट बघत होते.

दुकानाचे मालक साठीचे होते. मी दोरा काढून काचेभोवती फिरवायला लागले तसे ते धावत आले. मेधाने समजावलं. मग ते इतके रंगले की गिऱ्हाइकं सोडून आमच्याच टेबलाशी उभे. मला म्हणाले, "बसा. आता बल्ब शोधा."

मी वाकून पाहिलं, मान तिरकी केली, उभी राहिले, पुन्हा बसले. बल्ब कुठूनच दिसेना! उजेड भरपूर, ताटलीतला कणन् कण दिसतोय, मेधाच्या कपाळावरची बारीक टिकली दिसतेय, पण डोळ्यात काही जात नाही. मालक म्हणाले की हा दिवा करणारा डेन्मार्कचा एक आर्किटेक्ट. त्याच्या नावाचा उच्चार त्यांनी जपानीत केला आणि मी मराठीत, दोन्ही चुकले असणार. घरांमध्ये नुकतीच वीज आलेली, जो तो उघडे झगझगीत बल्ब लावायचा, आणि या माणसाला ते सहन होत नसे. वर्षानुवर्षं त्याने फक्त काचांचे बाक काढले, कुठून किरण आला तर कुठे जाईल. माणसं टेबलाभोवती बसली की एकमेकांचे चेहरे चांगले दिसावेत, एवढं त्याला हवं होतं.

"म्हणून खाली टांगायचा," मालकांनी टेबलापासून तीन विती मोजून दाखवल्या. "उभ्या माणसासाठी नाही हा. बसलेल्यांसाठी आहे."

सुहासच्या डोक्याला तो का लागायचा ते मला तेव्हा कळलं. आम्ही टेबल भिंतीला सरकवलं होतं. दिवा त्याच्या जागी होता, टेबलच हललेलं होतं.

दोरा मात्र तंतोतंत जुळला. लहान माप, मालकांनी सांगितलं. माझ्या पातेल्याने लाज राखली. दिवसभर मेधाने किल्ला वगैरे दाखवला, छान आहे, बघा. रात्री तिच्याकडे पिठलं-भात खाल्ला.

शुक्रवार, ओसाका

नागोयाहून ओसाकाला शिंकान्सेनने न जाता खाजगी रेल्वेने जा. दोनेक तास लागतात, पण तिकीट बरंच स्वस्त, सीट ऐसपैस आणि वाटेत डोंगर, चहाचे मळे, बांबू. मी डबा उघडून पुऱ्या खाल्ल्या. वास पसरला तसं समोरच्या बाईंनी विचारलं की हे काय आहे. एक पुरी दिली, त्यांनी मला संत्रं दिलं.

ओसाकात एस्कलेटरवर उजवीकडे उभं राहायचं. टोकियोच्या सवयीने मी डावीकडे, आणि मागून एक काका, "ओ ताई, आम्हाला जाऊ द्या की!" टोकियोत असं कोणी तोंड उघडून बोलणार नाही. मला तर ओसाका तिथेच आवडलं. शाकाहारींसाठी सूचना: कोबीचं धिरडं तव्यावर समोर करून देतात, मस्त लागतं, पण वर माशाचे वाळके पापुद्रे भुरभुरवतात आणि ते गरम वाफेने हलतात. आधीच नको म्हणा, नाहीतर जिवंत वाटतात.

दुकान छप्पर घातलेल्या बाजाराच्या शेवटी, चपला आणि लोणच्याच्या दुकानांमध्ये. आत छताला शंभरएक दिवे. आजोबा बारीक, गळ्यात चष्मा. मी काउंटरवर दोन काचा ठेवल्या. त्यांनी त्या रुमालाने पुसून उजेडासमोर धरल्या. वरून गुळगुळीत, आतून खरखरीत.

"वरची कशी फुटली?"

मी तयारच होते. "भूकंपात. टांगलेली होती, पडली."

आजोबांनी दोन्ही काचा माझ्यापुढे सरकवल्या. "सगळ्यात वरची पडून फुटली, आणि तिच्याखालच्या दोघींना ओरखडाही नाही?"

 शिंकान्सेनमध्ये एवढी गोष्ट रचली आणि एका प्रश्नात तोंडघशी पडले. मग मी त्या परक्या माणसाला, माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत, सगळं सांगून टाकलं. कपाट, भोक, पातेलं, किकेन, मोरिता-सान, त्यांचा पहिला बोनस, पाटसकरांचं बाळ. सांगता सांगता रडायला आलं. आजोबा आधी गंभीर होते. पातेल्यापाशी त्यांचा धीर सुटला. हसून हसून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"पातेल्यावर? झाकण म्हणून?"

"बसलं होतं बरोबर," मी म्हटलं. आता लपवायचं काय!

त्यांनी आतून काच आणली. माझ्या दोन काचांवर धरली आणि बारीक डोळ्यांनी पाहिली. "माप तेच. पण ही नंतरची आहे. पांढरा किंचित निळसर. सहसा कोणाला कळणार नाही." मग थांबून म्हणाले, "घरमालकिणीला कळेल. पहिल्या बोनसचा दिवा आहे ना?"

किंमत सांगत नाही, सुहासने तेव्हा विचारली नाही आणि आता त्याला कळून उपयोग नाही. परतीचा प्रवास शिंकान्सेनने तीनेक तास, काच मांडीवर. बाळासारखी धरली होती. फुजीच्या बाजूला बसलेही नाही, खिडकीच्या कडेला धक्का लागेल म्हणून.

शनिवार, पुन्हा इचिकावा

सकाळी सात वाजता आम्ही टेबल भिंतीपासून ओढून मूळ जागी आणलं. ट्यूबलाइट काढली, दिवा लावला. टेबलापासून बरोबर तीन विती. सुहास खुर्चीत बसला, मी समोर, मध्ये चहा. बाहेर ढगाळ होतं म्हणून दिवा पेटवला. सुहास माझ्याकडे बघून म्हणाला, "अगं, तू थकलेली दिसतेस." तीन वर्षांत ट्यूबलाइटखाली त्याला हे एकदाही दिसलं नव्हतं. हसू की रडू अशी माझी अवस्था. मग तो शेवटच्या कागदपत्रांसाठी ऑफिसला गेला आणि दहा वाजता मोरिता-सान आल्या.

त्यांनी भिंती पाहिल्या नाहीत, ओटा पाहिला नाही. सरळ टेबलाशी जाऊन बसल्या आणि दिव्याकडे बघत राहिल्या. त्या काही बोलेपर्यंत गप्प राहायचं, असं मी आदल्या रात्रीपर्यंत ठरवलं होतं. पण त्या उजेडात त्यांच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ दिसत होती, आणि माझ्याही दिसत असणारच.

"मोरिता-सान, वरची काच तुमची नाही," मी म्हटलं. "तुमची मी कचऱ्यात टाकली. ही ओसाकाहून आणली. चूक माझी आहे, येणाऱ्या लोकांची नाही. त्यांना घर द्या."

त्या उठल्या आणि खाली गेल्या. मला वाटलं, संपलं. पाटसकरांना काय तोंड दाखवू?

दोन मिनिटांनी परत आल्या. हातात मराठी वर्तमानपत्राचं पुडकं. त्यावर लाल अक्षरात किकेन.

"या आठवड्यात कचऱ्यावर लक्ष ठेवायची पाळी माझी होती," त्या म्हणाल्या. "या लिपीचा कागद आळीत तुमच्याच घरचा असतो. गाडी यायच्या आत उचलून ठेवलं." मग पुडक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "अक्षर छान आहे तुमचं."

मी खुर्चीत बसलेच. जीव भांड्यात पडला की पातेल्यात, कोण जाणे.

"मंगळवारी संध्याकाळी आणून द्यायला आले होते," त्या पुढे म्हणाल्या. "बेल वाजवली. तुम्ही घरी नव्हता."

आता वाचकहो, एक गोष्ट मी वर लिहिली नाही. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता बेल वाजली होती. मी दाराच्या भोकातून पाहिलं, बाहेर मोरिता-सान. हातात काहीतरी होतं, काय ते दिसलं नाही. मी पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद केला, आणि हातात झारा धरून त्या जाईपर्यंत श्वास रोखून उभी राहिले. दार उघडलं असतं तर पाचच मिनिटांत सगळं संपलं असतं. फुजी नाही, नागोया नाही, ओसाका नाही.

मोरिता-साननी मला सुटायला वाट दिली होती. "नव्हता" म्हणाल्या. मला नुसती मान हलवायची होती.

"होते," मी म्हटलं. "मी घरातच होते."

"हो," त्या म्हणाल्या. "फोडणीचा वास येत होता."

आणि दोघी त्या दिव्याखाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. नंतर त्यांनीच दिव्याची वरची काच उतरवली, आपली जुनी बसवली. निळसर काच कागदात बांधून माझ्या हातात दिली. "ही तुमची. तुम्ही कमावलीत."

पाटसकरांना घर मिळालं. बाळ टेबलाशी बसून भात खातं, दिवा डोक्यावर, असा फोटो त्यांनी मेलने पाठवला.

माझी काच आज कोथरूडला आमच्या टेबलावर आहे. एकटीच. विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून होल्डर आणि वायर आणून लावली. एकाच काचेतून बल्ब दिसतो, त्या आर्किटेक्टला अजिबात पटलं नसतं. पण टांगलाय खाली, तीन वितींवर. सासूबाई म्हणतात, "किती खाली लावलाय, डोक्याला लागेल." मी म्हणते, "आई, तुम्ही बसा तर आधी."

पाहुणे विचारतात तेव्हा मी पातेल्याची गोष्ट सांगते, आजोबांची सांगते, लाल अक्षराचीही सांगते. सगळे पोट धरून हसतात. मोरिता-साननी पुडकं उचलून ठेवलं होतं, इतपत सुहासलाही माहीत आहे. बेलचं मात्र मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, त्यालासुद्धा नाही. तो दर रविवारी सकाळी माझा ब्लॉग वाचतो, याच दिव्याखाली बसून. आज शनिवार आहे.